दोन टोप्या खिशात घालून

श्रोतेहो, नमस्कार.

इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरात 1859 मध्ये फुटबॉलच्या नियमांची एक लहानशी पुस्तिका छापली गेली. नियम अकरा. त्यातला शेवटचा असा: प्रत्येक खेळाडूनं स्वतःची एक लाल आणि एक गडद निळी फ्लॅनेलची टोपी आणायची, एका बाजूनं एक रंग घालायचा, दुसरीनं दुसरा. झालं, एवढाच गणवेश. थंडीच्या दिवसांत माणसं दोन टोप्या घेऊन मैदानावर यायची. बाजू ठरल्या की एक टोपी डोक्यावर चढायची, दुसरी खिशात राहायची.

आता टोप्या दोन कशासाठी? कारण समोर खेळायला दुसरा संघच नव्हता. आपल्यातलेच निम्मे इकडे, निम्मे तिकडे. कधी लग्न झालेले विरुद्ध अविवाहित, कधी आडनावाच्या आद्याक्षरावरून वाटणी. जगात ज्यांच्याशी सामना लावावा असा दुसरा फुटबॉल क्लब सापडेना, अशी ती अवस्था. मी बोलतोय शेफिल्ड फुटबॉल क्लबबद्दल. आजही खेळत असलेला जगातला सर्वांत जुना फुटबॉल क्लब म्हणून फिफानं त्याला मान्यता दिली आहे. आणि तरीही प्रीमियर लीग रोज पाहणाऱ्या आपल्याकडच्या कितीतरी मुलांनी त्याचं नाव ऐकलेलं नसतं. शेफिल्ड म्हटलं की त्यांना युनायटेड आठवतो, वेन्सडे आठवतो. हा तिसरा, खरं म्हणजे पहिला, कुणाच्या खिजगणतीतच नाही.

शेफिल्ड हे पोलादाचं गाव. आपल्याकडच्या जुन्या घरांत पात्यावर शेफिल्डचं नाव कोरलेले चाकू आणि वस्तरे सापडतात, तेच हे शहर. नॅथॅनियल क्रेसविक आणि विल्यम प्रेस्ट हे तिथले दोन क्रिकेटवेडे मित्र. क्रेसविक वकील, प्रेस्ट वाइनचा व्यापारी. उन्हाळा संपला की क्रिकेट बंद, मग हिवाळाभर अंग आखडून बसायचं का, या विचारातून दोघांनी 24 ऑक्टोबर 1857 रोजी क्लब काढला. पहिलं ऑफिस म्हणाल तर एका ओळखीच्या घराच्या बागेतलं झाडांसाठीचं काचघर, आणि शेजारचं शेत हे मैदान. कुंड्यांच्या सोबतीनं जगातल्या सगळ्यांत जुन्या फुटबॉल क्लबचा संसार मांडला गेला.

तीन वर्षांनी एकदाचा भिडू मिळाला. शहराच्या पश्चिमेला 1860 मध्ये हॅलम नावाचा क्लब निघाला, आणि नाताळच्या दुसऱ्या दिवशी, 26 डिसेंबर 1860 ला, हॅलमच्या सँडीगेट मैदानावर दोघांचा सामना झाला. दोन वेगवेगळ्या क्लबांमधला हा पहिला फुटबॉल सामना मानला जातो. शेफिल्डनं तो दोन-शून्यनं जिंकला. हॅलम अजून आहे, सँडीगेटही अजून आहे, आणि हे दोघं समोरासमोर आले की आजही त्या भागात वेगळीच हवा असते. कोल्हापूरच्या श्रोत्यांना मी हे काय समजावून सांगणार! पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाचा सामना असला की शाहू स्टेडियमवर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. पेठेचा अभिमान, तालमीचा अभिमान, शेजाऱ्याकडून हरायचं नाही ही जिद्द. त्या जातीच्या चुरशीची सुरुवात सँडीगेटच्या उतारावर झाली.

दोन वर्षांनी, 29 डिसेंबर 1862 ला, हेच दोन संघ ब्रॅमल लेनवर भिडले. तेव्हा ते क्रिकेटचं मैदान होतं. सामना मदतनिधीसाठी होता. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं, तिथला कापूस इंग्लंडला येईनासा झालेला, लँकेशायरच्या गिरण्या थंडावलेल्या आणि गिरणी कामगारांच्या घरी चूल पेटत नव्हती. त्यांच्यासाठी हे लोक खेळत होते. श्रोतेहो, इथे मला आपली मुंबई आठवते. तोच कापूस, तेच युद्ध. लँकेशायरला जो माल मिळेना तो आपल्या बंदरातून जाऊ लागला, मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला आणि शेअरबाजाराला वेड लागलं. एकाच टंचाईनं एका गावात पैशाचा पाऊस पाडला आणि दुसऱ्या गावात माणसांवर हात पसरायची वेळ आणली. मदतीसाठी भरवलेल्या त्या सामन्यात मात्र खेळाडू हमरीतुमरीवर आले, ठोसे चालले, प्रेक्षक मैदानात घुसले. खुद्द संस्थापक क्रेसविकसाहेब त्या भांडणात होते. गोल एकही झाला नाही.

आता नियमांकडे परत येऊ, कारण या क्लबचं खरं मोठेपण तिथे आहे. त्या काळी इंग्लंडमध्ये प्रत्येक शाळेचा फुटबॉल वेगळा. कुठे चेंडू हातात घेऊन पळायचं, कुठे समोरच्याच्या नडगीवर लाथ मारणं हा खेळाचाच भाग. शेफिल्डकरांनी पुस्तिकेत स्वच्छ लिहिलं की लाथ मारणं आणि पाय अडकवून पाडणं कोणत्याही परिस्थितीत चालणार नाही. नोकरी-धंद्याची माणसं ती. सोमवारी लंगडत कामावर कोण जाणार? हातानं ढकलायला मात्र त्यांची परवानगी होती, चेंडू हातानं मारलेलाही चालायचा, आणि उंच आलेला चेंडू अलगद झेलला तर फ्री किक मिळायची. म्हणजे आजचा खेळ अजून पुरता आकाराला आला नव्हता, पण वाट सापडली होती.

पुढे लंडनमध्ये 1863 ला फुटबॉल असोसिएशन, म्हणजे एफए, स्थापन झाली. शेफिल्ड तिचा सभासद झाला, पण आपले नियम त्यानं सोडले नाहीत. उत्तरेत त्याच नियमांनी खेळ चालायचा. मार्च 1866 मध्ये शेफिल्डचा संघ बॅटर्सी पार्कला लंडनविरुद्ध खेळायला गेला. सामना लंडननं जिंकला, पण सांगतात की शेफिल्डचे गडी चेंडू डोक्यानं मारायला लागल्यावर बघणाऱ्यांची हसून पुरेवाट झाली. डोक्यानं चेंडू मारायचा, ही काय तऱ्हा! कॉर्नर किकही शेफिल्डच्या नियमांतून आली. एफएनं ती 1872 मध्ये घेतली. गोलवरचा आडवा दांडाही त्यांच्याकडचा. लंडनला त्या जागी नुसती फीत ताणलेली असायची. 1877 मध्ये दोन्हीकडचे नियम एक झाले. मुंबईच्या कूपरेज मैदानावर एखादी मुलगी कॉर्नरवर उडी घेऊन हेडर मारते आणि चेंडू दांड्याला आपटतो, तेव्हा त्या एका क्षणात शेफिल्डच्या तीन गोष्टी असतात.

मग असा क्लब मागे का पडला? कारण पैसा आला. 1885 मध्ये एफएनं खेळाडूंना पगार द्यायला मुभा दिली. लँकेशायरचे, मिडलँड्सचे क्लब पगारी खेळाडू घेऊन उभे राहिले. शेफिल्ड क्लबनं ठरवलं की आम्ही हौशीच राहणार. झालं, ज्या संघांना त्यांनी खेळ शिकवला त्यांच्याकडूनच ते मोठ्या फरकानं हरू लागले. 1888 मध्ये बारा क्लबांची फुटबॉल लीग सुरू झाली, त्यात हे नाव नव्हतं. काही लोक याला हट्ट म्हणतात. मला त्यात हट्ट दिसत नाही, निष्ठा दिसते; कारण ते रुसून घरी बसले नाहीत. हौशी संघांसाठी वेगळी स्पर्धा असावी ही कल्पना याच क्लबनं एफएपुढे मांडली. एफए अमॅच्युअर कप 1893 ला सुरू झाला, आणि 1904 मध्ये ब्रॅडफर्डच्या व्हॅली परेडवर ईलिंगला तीन-एकनं हरवून शेफिल्डनं तो जिंकला. सगळ्या इतिहासातलं त्यांचं सर्वांत मोठं यश ते हेच. 1977 मध्ये ते एफए व्हाज या खालच्या पातळीवरच्या क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यासाठी लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर पोचले, बिलेरिकेशी बरोबरी केली आणि फेरसामन्यात हरले.

या सगळ्या काळात त्यांना स्वतःचं मैदान नव्हतं. अॅबीडेल पार्क, हिल्सबरो पार्क, आउलर्टन, कधी इथे भाड्यानं, कधी तिथे कुणाच्या उपकारावर. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला बिऱ्हाड हलवायचं दुःख कळतं. 1857 ला जन्मलेल्या क्लबला हक्काचं मैदान मिळालं ते 2001 मध्ये, म्हणजे 144 वर्षांनी, आणि तेही शेफिल्डमध्ये नाही. शहराच्या दक्षिणेला, जिल्हा ओलांडून डर्बीशायरमध्ये, ड्रॉनफिल्ड नावाच्या छोट्या गावात, कोच अँड हॉर्सेस या पबच्या बाजूला.

मानसन्मान मिळत राहिले. फिफानं 2004 मध्ये आपल्या शताब्दीला ऑर्डर ऑफ मेरिट दिली, ती क्लबांमध्ये फक्त दोघांना: रेआल माद्रिद आणि हे. दीडशेव्या वर्षी, नोव्हेंबर 2007 मध्ये, इंटर मिलान त्यांच्याशी ब्रॅमल लेनवर खेळायला आला. पेले हजर होते. इंटरनं पाच-दोननं सामना जिंकला, पण दोन गोल इंटरवर चढवले हे ड्रॉनफिल्डची माणसं नातवंडांना सांगतील. मात्र सन्मानानं गवत कापलं जात नाही आणि गळकं छप्पर दुरुस्त होत नाही.

म्हणून 2011 च्या जुलैमध्ये क्लबनं आपलं दप्तर लिलावात काढलं. लंडनमध्ये सदबीजकडे. 1858 चा हातानं लिहिलेला नियमांचा मसुदा, सुरुवातीच्या सभांच्या इतिवृत्तांच्या वह्या आणि 1859 ची ती छापील पुस्तिका, जिची दुसरी प्रत उरलेली नव्हती. टोप्यांचा नियम असलेली तीच पुस्तिका. आठ लाख 81 हजार 250 पौंड आले, त्या वेळच्या भावानं सहा कोटी रुपयांच्या वर.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाईट वाटलं. आजीच्या पाटल्या मोडल्यासारखं. घरातलं शेवटचं जुनं सोनं सोनाराच्या काट्यावर ठेवताना हात जड होतो, तसं. पण नंतर विचार केला, आणि आज मी ठामपणे म्हणतो, त्यांनी योग्य केलं. पाटल्या आपल्या घरांत कशासाठी मोडल्या गेल्या? मुलांच्या शिक्षणासाठी, छपरासाठी. त्या पुस्तिकेत जे लिहिलं होतं ते जगभरच्या मैदानांवर रोज वापरात आहे. कागद कुणाच्या तिजोरीत आहे यानं त्यात काही कमी होत नाही. मैदान नसेल तर क्लब मात्र राहणार नाही.

गेल्या दीड दशकातला बहुतेक काळ हा संघ प्रीमियर लीगपासून खाली मोजलं तर आठव्या पायरीवर खेळत आला आहे. आपल्या शहरात परत यायची त्यांची खटपट कित्येक वर्षांपासून चालू आहे.

तुमचं कुणी तिकडे शिकायला किंवा नोकरीला असेल तर त्यांना सांगा. शेफिल्डहून चेस्टरफिल्डकडे जाणारी लोकल गाडी पकडली की थोड्याच वेळात ड्रॉनफिल्ड येतं. शनिवारचे सामने बहुधा दुपारी तीनला असतात. जरा आधीच जा, कठड्याला रेलून उभं राहा, आणि पहिला कॉर्नर मिळाला की टाळी वाजवा.

नमस्कार.