लांडग्यापासून बुलडॉगपर्यंत

[दृश्य: सोफ्यावर पसरून घोरणारा बुलडॉग]

हा गडी लांडग्याच्या कुळातला आहे म्हटलं तर हसू येईल. पण जनुकं तपासून झाली आहेत. चिहुआहुआ घ्या नाहीतर ग्रेट डेन, मूळपुरुष लांडगाच.

[दृश्य: ओबरकासेल, दगडखाण]

1914 साली जर्मनीत बॉनजवळच्या ओबरकासेलला दगडखाणीत एका पुरुषाचा आणि एका बाईचा सांगाडा सापडला. सोबत कुत्र्याची हाडं. सुमारे 14,000 वर्षांपूर्वीची. पिल्लू जेमतेम 7 महिन्यांचं. दातांवरच्या खुणांवरून संशोधक म्हणतात, त्याला डिस्टेंपर, म्हणजे कुत्र्यांचा जीवघेणा विषाणूजन्य रोग, झाला होता. कुणी निगा राखली नसती, तर ते आठवडेच्या आठवडे तगलंच नसतं. शिकारीला काडीचा उपयोग नाही, तरी सांभाळलं.

पुढे हजारो वर्षं निवड झाली ती मुख्यतः कामावरून. मेंढरं नीट वळणाऱ्याची पिल्लं ठेवायची. आपल्या दख्खनमध्ये सशामागे सुसाट धावणारा, लांब तंगड्यांचा कारवान असाच घडला. जर्मनीत बॅजर या बीळ खणणाऱ्या प्राण्याच्या बिळात शिरायला डॅशहुंड. त्याचे ते आखूड पाय म्हणजे एका जनुकाच्या जादा प्रतीची करामत!

[दृश्य: व्हिक्टोरियन काळातलं श्वानप्रदर्शन]

गाडी घसरली ती इंग्लंडात. 1835 साली बैलावर कुत्रे सोडायच्या खेळावर बंदी आली आणि बुलडॉगचा धंदाच बसला. 1859 मध्ये न्यूकॅसलला श्वानप्रदर्शन भरलं, 1873 मध्ये जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणारा केनेल क्लब निघाला. वंशावळीच्या वह्या आल्या. सोयरीक जातीतच. (हे आपल्याला वेगळं सांगायला नको.) आता काम कोण बघतो? नाक जितकं चपटं, डोकं जितकं मोठं, तितकं कौतुक. हवं ते रूप पक्कं करायला जवळच्या नात्यातच जोड्या लावल्या गेल्या.

[दृश्य: बुलडॉगचा चेहरा, अगदी जवळून]

नाकपुड्या बघा, नुसत्या चिरा. चेहरा आखूड झाला, पण आतला मऊ टाळू तेवढाच राहिला. तो घशात लोंबतो, म्हणून हे घोरणं. आपण त्याचे रील्स करतो! पिल्लांची डोकी एवढी मोठी की बहुतेक बुलडॉग माद्यांचं सिझेरियन करावं लागतं.

नेदरलँड्सने 2019 मध्ये निकष कडक केले. नाकाडाची लांबी कवटीच्या एक तृतीयांशापेक्षा कमी भरली, तर त्या कुत्र्याची पैदास करायची नाही. या मापात बसणारा बुलडॉग शोधून सापडणं मुश्कील.