गुंतवळ

(दृश्य: सकाळ. ओसरीवर फणी, पितळी तांब्या. भिंतीच्या फटीत खोचलेला केसांचा बोळा.)

लातूर जिल्ह्यातल्या एका गावातली ही ओसरी. वेणीफणी झाली की बायका फणीतला गुंता बोटावर गुंडाळतात आणि फटीत खोचतात. ही गुंतवळ. तिच्यावर भांडी, फुगे देणारा फेरीवाला येईपर्यंत ती तिथंच राहते. या घरी आता फट पुरेना झालीय. बाळंतपणाला माहेरी आलेली लेक म्हणते, "माय, केस लई गळायलेत." माय म्हणते, "बोअरचं पानी हाय बाई ते. दुसरं काय?"

पाण्यावरचा हा राग साहजिकच आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. बोअरचं पाणी जड. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हंड्याला पांढरा थर धरतो. त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी मिळून केसांवर चिकट राप धरतात. केस राठ होतो, फणीत अडकतो आणि तुटतो.

पण तुटणं वेगळं, गळणं वेगळं. गुंतवळीतला एक केस उजेडात धरा. टोकाला पांढरी बारीक गाठ असेल तर तो मुळातून आलाय. नसेल तर मधूनच तुटलाय.

(दृश्य: दोन बोटांत धरलेला केस, टोकाला पांढरी गाठ.)

तुटणाऱ्या केसाला अंगाचा साबण लावू नये. सौम्य शाम्पू किंवा शिकेकाई घ्यावी, शेवटचा तांब्या पावसाच्या नाहीतर जारच्या पाण्याचा ओतावा. न्हाण्याआधी खोबरेल चोळलं तर केसाची झीज कमी होते. डोक्यात कोंडा असेल तर मात्र तेल आवरावं, कारण कोंडा वाढवणारी बुरशी तेलावरच पोसते.

लेकीचा केस मुळातून आलाय. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात, त्यातले रोज ५० ते १०० गळणं नेहमीचंच. पण बाळंतपण, मोठा ताप किंवा उपासमार झाली की एकदम बरेच केस वाढ थांबवतात आणि दोन-तीन महिन्यांनी गळायला लागतात. तोवर कारण विसरलेलं असतं आणि पैसा तेलाच्या बाटल्यांवर जातो. हे बघताना जीव तुटतो. लेकीचं बाळ आता चार महिन्यांचं आहे. हिशेब लागतो.

त्यात अंगात रक्त कमी असलं तर गळती रेंगाळते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. लोहाच्या गोळ्या आरोग्य उपकेंद्रात फुकट मिळतात. गोळी चहाबरोबर घेऊ नये, लोह अंगी लागत नाही. भाकरीबरोबर पालेभाजी, वर लिंबू पिळलेलं बरं. गळती सहा महिन्यांपुढं गेली तर रक्ताबरोबर थायरॉइडही तपासून घ्यावं. डोक्यात रुपयाएवढी गुळगुळीत चाई पडली तर बिब्बा लावू नये, कातडी भाजते. त्वचेच्या डॉक्टरांकडंच जावं.

(दृश्य: माय लेकीची वेणी घालतेय.)

केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो. माय वेणी सैल घालते, ओढून घातली की कपाळाकडचा केस जातो. आज तिचं बोट तिथंच थांबलंय. "हे बघ," ती म्हणते. कपाळाच्या कडेला, तांदळाएवढे नवे केस.