वाऱ्यावरचं नाक

आषाढ. बारामती तालुक्यातलं सुप्याजवळचं माळरान. हा घोंघाट ऐकताय ना, माइकला फरचं कव्हर घातलंय तरी असा येतोय, कारण पाऊस सगळा सह्याद्रीच्या घाटातच पडून जातो आणि इकडे पोचतो तो नुसता वारा.

आता ह्या तांबड्या कुत्र्याकडे बघा. तो सरळ गवतात घुसत नाहीये. लांबून वळसा मारून वाऱ्याच्या खालच्या अंगाला आला आणि आता वाऱ्याला तोंड करून चाललाय, नागमोडी, जरा डावीकडे, जरा उजवीकडे. तित्तर पक्ष्याचा वास वाऱ्याबरोबर वाहत येतो ना, पक्ष्यापाशी वासाचा पट्टा अरुंद असतो, लांब जाईल तसा पसरतो, मग कुत्रा त्या पट्ट्याच्या आतबाहेर करत पुढे सरकतो. मंद वाऱ्यात हे सोपं आहे. असा झोडपणारा वारा असला की वास तुटतो, म्हणून तो मधेच थांबतो, नाक वर, परत खाली.

तित्तर एरवी पावलांची चाहूल लागली की पळत सुटतो, उडतो अगदी नाइलाजाने. पण ह्या वाऱ्यात चाहूल कसली लागणार, अख्खं गवतच हलतंय. मग तो बांधाच्या आडोशाला, बोराटीच्या बुडाशी दबून राहतो आणि कुत्रं नेमकं आडोसेच धुंडाळत येतं.

हे स्लो करून दाखवतोय. पुढचा एक पाय उचललेला, शेपटी ताठ, फक्त नाकपुड्या हलतायत... उडाला! बघा, वारा पाठीशी घेतला, चार वेळा पंख मारले आणि मग नुसता तरंगत पार पलीकडच्या ओढ्यात.

इंग्रजांच्या काळात पुणे कॅम्पातले साहेब लोक पॉइंटर, स्पॅनियल जातीची शिकारी कुत्री घेऊन तित्तर-लावे मारायला निघायचे, ते ह्याच नाकाच्या भरवशावर. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर बंधनं आली, १९९१ च्या दुरुस्तीने ती बंदच झाली. कुत्री मात्र माळावर आहेतच. धनगरांची म्हणत नाहीये मी, ती मेंढरांना सोडून हलत नाहीत. ही मोकाट, पोल्ट्रीवाल्यांनी टाकलेल्या घाणीवर वाढलेली, आणि वीकेंडला गाडीतून आणून पट्टा सोडलेली.

तित्तर, टिटवी, चंडोल सगळ्यांची अंडी जमिनीवरच असतात, ती ह्या कुत्र्यांच्या पोटात जातात.

इथलं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटर, बाकीचा माळ उघडाच. पावसाळ्यात जरूर या, पण कुत्रा घरी ठेवा, आणायचाच असेल तर पट्टा हातातून सोडू नका.