गिधाडांच्या वाट्याचं

तिबेटमध्ये, ल्हासाच्या ईशान्येला सुमारे 120 किलोमीटरवर ड्रिगुंग तिल मठ आहे. जिग्तेन सुमगोन यांनी तो 1179 मध्ये स्थापन केला. मठाच्या वर, उघड्या डोंगरावर त्याचं स्मशान, 'दुरट्रो'. बोधगयेजवळच्या प्राचीन शीतवन स्मशानाशी या जागेचं नातं आहे अशी श्रद्धा. म्हणून देह गिधाडांना देण्याच्या विधीसाठी लांबलांबून इथे आणतात.

विधीच्या चित्रीकरणाला तिथे कायद्याने मनाई आहे, आणि ते बरंच आहे. तेव्हा पडद्यावर फक्त डोंगर दिसेल, बाकीचं ऐकायचं.

मृत्यूनंतर साधारण तीन दिवस देह घरीच असतो. लामा 'पोवा' करतात: चेतनेला देहाबाहेर वाट करून देणारा विधी. मग गुडघे छातीशी घेऊन देह बांधायचा, पांढऱ्या कापडात गुंडाळायचा आणि पहाटे वर न्यायचा. चेतना गेली, उरला तो देह पाखरांना दान.

वर आधी जुनिपरच्या डहाळ्या पेटवतात. धूर दिसला की हिमालयीन गिधाडं उतरू लागतात; एकेकाच्या पंखांचा पसारा जवळजवळ 3 मीटर. रोग्यापा, म्हणजे हे काम करणारे, देह पालथा ठेवून बहुधा मानेशी खुंट्याला बांधतात. नाहीतर झुंबड उडाली की पक्षी तो फरफटत नेतात. मग सुरीने चिरे देतात.

खरी मेहनत हाडांची. दगडावर हातोड्याने ती कुटायची आणि त्साम्पात, म्हणजे भाजलेल्या सातूच्या पिठात, कालवायची. वर चहा किंवा याकचं लोणी. नुसत्या हाडांच्या चुऱ्याला गिधाड तोंड लावत नाही, पोट भरलेलं तर नाहीच. म्हणून काही ठिकाणी हाडं आधी देतात, मांस मागून. तोवर भुकेल्या थव्याला काठ्यांनी थोपवून धरावं लागतं. पक्ष्यांनी काही टाकलं तर घरच्यांना ते अशुभ वाटतं.

चार हजार मीटरवर सरपण दुर्मीळ आणि जमीन गोठलेली, हेही कारण आहेच. पण सगळ्यांना हा विधी नसतो. थोर लामांचं दहन होतं किंवा देह स्तूपात जपतात. साथीच्या रोगाने गेलेल्यांना पुरतात.

गिधाडं नसतील तर काय होतं, ते मुंबईच्या डुंगरवाडीत पारशी समाजाने पाहिलं. तेही देह दख्म्यांत, म्हणजे वरून उघड्या गोल बुरुजांत, गिधाडांसाठी ठेवतात. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकमुळे, मेलेली गुरं खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली. गुरांसाठी ते औषध भारतात 2006 मध्ये बंद झालं. तोवर दख्म्यांवरची गिधाडं नाहीशी झाली होती आणि उन्हाची उष्णता एकवटणारे आरसे तिथे बसले होते.