एकेका फ्रेमचा हिशेब

[दृश्य: ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चा पहिला टप्पा. मारिओ न थांबता धावतो आहे.]

पडद्यावर चाललेला हा खेळ १९८५ सालचा आहे. मारिओ एकदाही अडखळत नाही, शत्रूंच्या अगदी अंगाला घासून निसटतो, पाइपच्या तोंडात शिरतानासुद्धा त्याचा वेग कमी होत नाही, आणि यंत्र सुरू झाल्यापासून सुमारे ४ मिनिटे ५७ सेकंदांत शेवटचे बटण दाबले जाऊन खेळ संपतो. कोणा खेळाडूने हे एका बैठकीत केलेले नाही आणि कोणी तसा दावाही करत नाही. हा टूल-असिस्टेड स्पीडरन आहे, म्हणजे साधनांच्या मदतीने खेळ शक्य तितक्या कमी वेळात संपवणारी नोंद. या क्षेत्रातले लोक त्याला थोडक्यात ‘टॅस’ म्हणतात.

टॅस म्हणजे व्हिडिओ, असा समज होणे साहजिक आहे, कारण बहुतेकांना तो व्हिडिओच्याच रूपात भेटतो. प्रत्यक्षात टॅस म्हणजे बटणांची नोंद असलेली एक लहानशी फाइल. त्या फाइलमध्ये ना चित्र असते ना आवाज. कोणत्या फ्रेमला, म्हणजे पडद्यावर एकामागून एक उमटणाऱ्या चित्रांपैकी कोणत्या चित्राला, कोणते बटण दाबलेले होते, एवढेच त्यात लिहिलेले असते. व्हिडिओ नंतर तयार होतो, आणि बऱ्याचदा तो तयार करणारी व्यक्तीही वेगळीच असते. या माहितीपटात या दोन्ही कामांकडे पाहायचे आहे.

[दृश्य: मजकूर-संपादकात उघडलेली नोंदीची फाइल. ओळी हळूहळू वर सरकतात.]

निन्टेन्डोच्या एनईएस या यंत्राची अमेरिकी आवृत्ती सेकंदाला ६०.०९८८ फ्रेम दाखवते. बहुतेक खेळ प्रत्येक फ्रेमला एकदा कंट्रोलरची स्थिती वाचतात. कंट्रोलरवर आठ बटणे असतात : चार दिशा, ए, बी, स्टार्ट आणि सिलेक्ट. आता ही फाइल जवळून पाहा. प्रत्येक ओळ एका फ्रेमची आहे. दोन उभ्या रेघांच्या मध्ये आठ जागा आहेत. बटण दाबलेले असेल तिथे त्याचे अक्षर दिसते, नसेल तिथे टिंब. मारिओच्या त्या पाच मिनिटांसाठी अशा अठरा हजारांच्या आसपास ओळी लागतात. एका फ्रेमची आठ बटणे एका बाइटमध्ये मावतात, म्हणजे संपूर्ण धाव अठरा किलोबाइटमध्ये साठवता येते.

या ओळी लिहिण्याची पद्धत मात्र संथ आहे. खेळ एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, चालवला जातो. एम्युलेटर थांबवून ठेवता येतो, एका कळीने नेमकी एक फ्रेम पुढे नेता येतो, आणि यंत्राची संपूर्ण स्थिती जतन करून हवी तेव्हा परत आणता येते. टॅस करणारी व्यक्ती एक फ्रेम पुढे जाते, परिणाम पाहते, पसंत पडला नाही तर मागे येते आणि दुसरे बटण दाबून पाहते. अशा प्रत्येक माघारीला री-रेकॉर्ड म्हणतात, आणि त्यांची मोजदाद त्याच फाइलच्या सुरुवातीला होत राहते. चांगल्या टॅसमध्ये हा आकडा हजारोंच्या घरात जाणे नेहमीचे आहे.

हे सारे शक्य होते, कारण हे जुने खेळ पूर्णपणे निश्चित नियमांनी चालतात. सुरुवातीची स्थिती तीच असेल आणि बटणे त्याच फ्रेमला दाबली गेली, तर निकालही तोच येतो. खेळाडूला जे नशीब वाटते, तेसुद्धा स्मृतीत दडलेल्या काही आकड्यांचे गणित असते. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये सात बाइट प्रत्येक फ्रेमला ठरलेल्या रीतीने सरकत राहतात आणि शत्रूंच्या लहरी त्यांतून ठरतात. म्हणून एक फ्रेम उशिरा पोहोचले तर हातोडा फेकणारा शत्रू वेगळा वागतो. इतर अनेक खेळांत एखादे अनावश्यक बटण दाबले की पुढचे सगळे आकडे बदलतात आणि हवी ती वस्तू हवी तेव्हा मिळते. याला नशीब वळवणे म्हणतात. टॅसच्या कलेतला सर्वांत बुद्धिमान भाग हाच आहे, असे माझे मत आहे, कारण पडद्यावर त्याचा कोणताही मागमूस दिसत नाही.

[दृश्य: खेळाशेजारी रॅम वॉचची, म्हणजे स्मृतीतले आकडे दाखवणारी, खिडकी. आकडे बदलत आहेत.]

एनईएसची अंतर्गत कार्यस्मृती केवळ २ किलोबाइटची आहे, आणि त्यातला कोणता बाइट कशासाठी वापरला जातो हे अभ्यासकांनी शोधून काढलेले असते. डोळ्यांना मारिओ पिक्सेलवर दिसतो, पण खेळ त्याचे स्थान पिक्सेलच्या सोळाव्या भागापर्यंत मोजतो. पूर्ण वेगात तो एका फ्रेममध्ये असे चाळीस भाग, म्हणजे अडीच पिक्सेल, पुढे सरकतो. दोन उड्या पडद्यावर हुबेहूब सारख्या दिसल्या तरी एक दुसरीपेक्षा काही सोळांश पुढे असू शकते, आणि चार पडद्यांनंतर त्याच सोळांशांमुळे एक फ्रेम वाचते.

तरीही वाचलेली प्रत्येक फ्रेम हाती लागतेच असे नाही. या खेळात टप्पा संपल्यावर पुढचा टप्पा सुरू करण्याची वेळ दर एकवीस फ्रेमनीच येते. ठरावीक अंतराने सुटणाऱ्या बससारखी ही व्यवस्था आहे : थांब्यावर दहा फ्रेम आधी पोहोचा किंवा दोन फ्रेम आधी, निघायचे त्याच बसने. त्यामुळे वीस फ्रेमची बचत वाया जाऊ शकते आणि केवळ एका फ्रेमच्या बचतीने आधीची बस मिळू शकते. शेवटचा ८-४ हा टप्पा याला अपवाद आहे. त्याच्यापुढे दुसरा टप्पाच नसल्यामुळे तिथे एकेक फ्रेम थेट अंतिम वेळेत मोजली जाते, आणि म्हणूनच त्या टप्प्यावर वर्षानुवर्षे काम झाले आहे.

काही गोष्टी मात्र मूळ कंट्रोलरवर करताच येत नाहीत. दिशांचे बटण एकसंध असल्यामुळे डावी आणि उजवी बाजू एकाच वेळी दाबली जात नाही, आणि खेळ लिहिणाऱ्यांनी ती शक्यता गृहीतही धरलेली नव्हती. फाइलमध्ये मात्र दोन्ही अक्षरे एका ओळीत लिहिता येतात. ‘झेल्डा २’मध्ये असे केले की नायकाचा वेग अफाट वाढतो. हे नियमांत बसते का, हा प्रश्न रास्त आहे. टॅस करणाऱ्यांचे उत्तर असे की यंत्राच्या कंट्रोलर-जोडणीतून जे काही आत पाठवता येते ते वैध, आणि खेळाच्या स्मृतीत बाहेरून ढवळाढवळ करणे अवैध. ही सीमारेषा मला पटते, कारण ती तपासून पाहता येते.

या कामाची मुळे ‘डूम’ या खेळात आहेत. १९९३ साली आलेल्या या खेळात प्रत्येक सेकंदाच्या ३५ ठोक्यांना खेळाडूने काय केले, एवढेच जतन करणाऱ्या डेमो फाइल होत्या. त्याचा मूळ कोड १९९७ मध्ये खुला झाल्यानंतर, १९९९ मध्ये, संथ गतीने खेळण्याची आणि मागे जाऊन पुन्हा नोंदवण्याची सोय असलेली आवृत्ती निघाली. व्यापक प्रसिद्धी मात्र २००३ मध्ये मोरिमोतो या टोपणनावाच्या जपानी खेळाडूने केलेल्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’च्या सुमारे अकरा मिनिटांच्या व्हिडिओने मिळवून दिली. तो पाहणाऱ्या अनेकांना तो साधनांच्या मदतीने केला आहे हे ठाऊक नव्हते. खरे काय ते कळल्यावर कौतुकाची जागा रागाने घेतली. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये बिस्क्विट या टोपणनावाच्या फिनलंडमधील प्रोग्रॅमरने अशा नोंदींचा संग्रह सुरू केला आणि तोच पुढे ‘टॅसव्हिडिओज’ झाला. या संग्रहाच्या व्हिडिओंत सुरुवातीलाच ही साधनांच्या मदतीने केलेली नोंद आहे असे स्पष्ट लिहिलेले असते, आणि सोबत कर्त्याचे नाव व री-रेकॉर्डची संख्याही दिली जाते. प्रेक्षकाची फसगत पुन्हा होऊ नये यासाठीची ही काळजी अतिशय योग्य आहे.

[दृश्य: एन्कोड करणाऱ्याचा संगणक. एम्युलेटर खेळाच्या वेगापेक्षा हळू चालत चित्रे लिहून काढतो आहे.]

आता एन्कोडिंगकडे, म्हणजे नोंदीच्या फाइलमधून व्हिडिओ तयार करण्याकडे, वळू. एन्कोड करणारा ती फाइल एम्युलेटरमध्ये चालवतो आणि प्रत्येक फ्रेमचे चित्र व आवाज जसाच्या तसा काढून घेतो. पडद्याचे चित्रण करण्यासारखे हे नाही. संगणक मंद असला तर एम्युलेटर थांबून राहतो, पण एकही फ्रेम गळत नाही. २५६ गुणिले २४० पिक्सेलचे चित्र न दाबता साठवले तर सेकंदाला सुमारे ११ मेगाबाइट लागतात. अठरा किलोबाइटची धाव अशा रीतीने तीन गिगाबाइटच्या पलीकडे जाते. त्यामुळे आधी गुणवत्ता जराही न गमावणाऱ्या कोडेकमध्ये, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धतीत, ती साठवायची आणि त्यावरून पुढच्या प्रती काढायच्या, असा क्रम असतो.

इथे चुका करणे फार सोपे आहे. फ्रेमचा वेग ६०.०९८८ ऐवजी सरळ ६० धरला, तर दहा मिनिटांत चित्र आवाजाच्या जवळपास एक सेकंद मागे पडते. उडी दिसण्याच्या आधीच तिचा आवाज ऐकू येतो, आणि जिथे एका फ्रेमसाठी महिने खर्ची पडले आहेत तिथे साठ फ्रेमची तफावत एन्कोड करणाऱ्याकडून पडते.

याहून मोठे नुकसान फ्रेम निम्म्या केल्याने होते. एनईएस एका आडव्या ओळीत आठपेक्षा जास्त स्प्राइट, म्हणजे नायक-शत्रूंसारखी हलणारी छोटी चित्रे, दाखवू शकत नाही. त्यामुळे गर्दी झाली की अनेक खेळ त्यांना आळीपाळीने दाखवतात : एका फ्रेमला हे, पुढच्या फ्रेमला ते. मार बसल्यावर काही क्षण अभेद्य झालेला नायकही अनेक खेळांत एकाआड एक फ्रेमला दिसतो आणि नाहीसा होतो. जुन्या टीव्हीवर याचे लुकलुकणे दिसत असे. हाच खेळ सेकंदाला तीस फ्रेमने एन्कोड केला की दर दुसरी फ्रेम वगळली जाते, आणि नायक एक तर काही घडलेच नाही असा अखंड दिसतो किंवा तेवढा वेळ पूर्ण अदृश्य होतो. मुद्दाम मार खाऊन त्या धक्क्याने पुढे फेकले जाणे हे टॅसमधले नेहमीचे तंत्र आहे. म्हणजे नायक गायब होतो तो नेमका सर्वांत पाहण्याजोग्या जागी. यूट्यूबवर २०१४ पर्यंत साठ फ्रेमची सोय नव्हती, तेव्हा लगतच्या फ्रेम एकमेकींत मिसळून नायक अर्धपारदर्शक दाखवण्यासारखे उपाय योजावे लागत. इतर तडजोडी मी समजू शकतो, पण आज साठ फ्रेम सर्वत्र चालत असताना त्या निम्म्या करण्याला कोणतेही समर्थन उरलेले नाही.

चित्र मोठे करतानाही असाच विवेक लागतो. लहान चित्र मोठ्या पडद्यावर ताणताना संगणक सहसा कडा मऊ करतो आणि चौकोनी पिक्सेलांची ठळक चित्रे धुरकट होतात. म्हणून आधी प्रत्येक पिक्सेलची पूर्ण पटीत पुनरावृत्ती केली जाते, आणि मग जुन्या टीव्हीच्या चार-तीन प्रमाणात बसवण्यासाठी रुंदी वाढवली जाते. रंगांची अडचण वेगळी आहे. नेहमीच्या व्हिडिओत रंगाची माहिती चार पिक्सेलांमागे एकदाच साठवली जाते. चित्रपटात ते खपून जाते, पण निळ्या आकाशापुढे उभ्या असलेल्या लाल टोपीच्या कडा त्याने फिसकटतात. आपल्याकडे ठेवायच्या प्रतीत एक्स२६४ हा एन्कोडिंगचा प्रोग्रॅम वापरून रंग पूर्ण साठवता येतात. यूट्यूबसाठी मात्र चित्र आधीच कितीतरी पट मोठे करून चढवले जाते, म्हणजे रंगांची काटछाट झाली तरी ती मूळ पिक्सेलच्या आत राहते आणि मोठ्या आकाराच्या व्हिडिओला मिळणारी जास्तीची बिटरेटही, म्हणजे दर सेकंदाला वापरली जाणारी जास्तीची माहितीही, पदरात पडते.

एन्कोड करणारा हा त्या नोंदीचा पहिला साक्षीदारही असतो. खेळाची आवृत्ती थोडी वेगळी असली, एम्युलेटर बदलला किंवा यंत्र सुरू होताना स्मृतीत निराळे आकडे असले, की बटणे आणि खेळ यांची संगती तुटते. याला डीसिंक म्हणतात. नायक मध्येच भिंतीवर जाऊन आदळतो आणि फाइलमधली उरलेली बटणे तिथेच उड्या मारत राहतात. असे होऊ नये म्हणून फाइलमध्ये खेळाचा चेकसम, म्हणजे आवृत्ती तीच आहे का हे पडताळण्याचा आकडा, नोंदवलेला असतो आणि एम्युलेटरचे नाव व आवृत्तीही सोबत दिली जाते.

[दृश्य: खरा एनईएस. कंट्रोलरच्या जागी तारांनी जोडलेला छोटा सर्किट बोर्ड.]

सर्वांत कडक परीक्षा खऱ्या यंत्रावर होते. कंट्रोलरच्या आत एक शिफ्ट रजिस्टर असते आणि यंत्र त्यातून आठ बटणे एकामागून एक वाचते. त्याच्या जागी एक छोटा बोर्ड जोडून फाइलमधली बटणे आत पाठवली जातात. इथे एक जुना हार्डवेअर दोष आडवा येतो : ध्वनीचे नमुने वाजत असताना एनईएस कधीकधी कंट्रोलरला एक जादा संकेत देते आणि वाचन चुकते. म्हणूनच ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ दोन वाचने जुळेपर्यंत कंट्रोलर पुन्हा पुन्हा वाचतो, आणि बोर्डालाही प्रत्येक वेळी तेच उत्तर द्यावे लागते. जानेवारी २०१४ मध्ये ‘ऑसम गेम्स डन क्विक’ या मदतनिधीसाठीच्या कार्यक्रमात टॅसबॉटने, म्हणजे बटणांची फाइल खऱ्या यंत्राला पुरवणाऱ्या उपकरणाने, खऱ्या एसएनईएसवर, म्हणजे एनईएसनंतरच्या निन्टेन्डो यंत्रावर, ‘सुपर मारिओ वर्ल्ड’ चालवला, केवळ कंट्रोलरच्या बटणांतून त्याच्या स्मृतीत नवा कोड लिहिला, आणि त्या खेळाच्या आत पाँग व स्नेक हे खेळ सुरू झाले.

डिस्कवर चालणाऱ्या यंत्रांची अशी परीक्षा घेणे कठीण असते, कारण डिस्क वाचायला लागणारा वेळ दरवेळी किंचित बदलतो. तिथे भिस्त एम्युलेटरच्या अचूकतेवरच राहते. मूळ ठेवा बटणांची फाइल असल्यामुळे वीस वर्षांपूर्वीच्या बारीक, अस्पष्ट व्हिडिओंच्या जागी त्याच धावांचे साठ फ्रेमचे, स्वच्छ कडांचे नवे एन्कोड आज काढता येतात. त्रिमितीय खेळ तर मूळ यंत्राला कधी न झेपलेल्या आकारात पुन्हा रेखाटून घेता येतात. त्यासाठी ज्या जुन्या एम्युलेटरवर ती नोंद झाली, त्याची तीच आवृत्ती जपून ठेवावी लागते, आणि हे जतनाचे कामही आता एन्कोड करणाऱ्यांनीच अंगावर घेतले आहे.