चौदा बाजूंचा फासा आणि सिल्लाचा उन्हाळा

नमस्कार, श्रोतेहो. उन्हाळा कसा काढावा हे प्राचीन कोरियातल्या सिल्ला राज्याच्या सरदारांना बरोबर ठाऊक होतं. त्यांची राजधानी म्हणजे आजचं ग्योंगजू शहर. तेराव्या शतकात इरयोन नावाच्या बौद्ध भिक्षूनं जुन्या कथा आणि नोंदी गोळा करून ‘सामगुक युसा’ हा ग्रंथ रचला. त्यात चार ऋतूंसाठी बांधलेल्या चार हौसेच्या वाड्यांची नावं दिली आहेत. उन्हाळ्याचा वाडा वेगळा, हिवाळ्याचा वेगळा! बर्फाचीही सोय होती, कारण तो साठवायचा हुकूम राजा जिजुंगनं इसवी सन 505 मध्येच काढला होता. नवव्या शतकाच्या अखेरीस राजधानीत गवताच्या छपराचं एकही घर उरलं नव्हतं, रस्त्यांवर गाणी-बजावणी थांबत नव्हती आणि स्वयंपाक लाकडाऐवजी कोळशावर होत होता, असं म्हणतात. पण हे राजाला खूश करणाऱ्या दरबाऱ्यांचं बोलणं. थोडा मीठमसाला धरूनच चाला.

या चैनीचा खरा पुरावा सापडला तो चिखलात. राजा मुनमूनं 674 मध्ये राजवाड्याजवळ तळं खोदवलं. आज त्याला वोलजी म्हणतात. पश्चिमेचा काठ सरळ, त्यावर महाल. पूर्वेचा काठ मुद्दाम वेडावाकडा, आणि पाण्यात तीन बेटं. कुठंही उभं राहा, अख्खं तळं एका नजरेत मावत नाही, त्यामुळे पाणी पुढे कुठवर गेलंय कोण जाणे असं वाटत राहतं. 1975 मध्ये तळं उपसून उत्खनन सुरू झालं. गाळातून एक लाकडी होडी निघाली, हजारो वस्तू निघाल्या, आणि त्यांत एक लाकडी फासा.

हा फासा जेमतेम पाच सेंटिमीटर उंचीचा, पण त्याला बाजू चौदा: सहा चौकोनी, आठ षटकोनी. कुठलीही बाजू वर यायची शक्यता जवळपास सारखीच राहावी, असं त्याचं माप. प्रत्येक बाजूवर चिनी लिपीत एकेक हुकूम कोरलेला. तीन पेले एका दमात रिकामे कर. संगीताशिवाय नाच. एकट्यानंच गा आणि एकट्यानंच पी. सगळ्यांनी याच्या नाकावर टिचकी मारा. तोंडाला गुदगुल्या केल्या तरी हलायचं नाही. कविता म्हण. भेंड्या हरल्यावर आपल्याकडे देतात तशाच या शिक्षा, फक्त इथं खेळणारे रेशमी झग्यातले सरदार! कुळाचा दर्जा ठरल्याशिवाय जिथं घराची लांबी-रुंदीसुद्धा ठरत नसे, तिथं नाकावर टिचकी खायची पाळी मात्र कुणावरही येई. मला या फाशाचं सगळ्यात जास्त कौतुक याचंच वाटतं. दुर्दैव असं की हजारभर वर्षं गाळात टिकलेला हा फासा वाळवायला यंत्रात ठेवला आणि तिथंच जळून गेला. आज दिसतात त्या प्रतिकृती.

आता प्रेमाचं काय? तेही ऐका. राजा हॉनगांगनं समुद्राच्या नागराजाचा मुलगा चॉयोंग याला राजधानीत आणलं, हुद्दा दिला आणि सुंदर बायको करून दिली. एका चांदण्या रात्री स्वारी उशिरापर्यंत भटकून घरी आली. बघतो तर अंथरुणात चार पाय. तो गाऊ लागला: यातले दोन माझे, उरलेले दोन कुणाचे? हिरावून नेलंच आहे, आता करायचं काय? आणि नाचत नाचत मागे फिरला. आत होता तो रोगाचा देव. एवढं बघूनही हा चिडत नाही म्हटल्यावर त्यानं गुडघे टेकले आणि शपथ घेतली, तुझं चित्र दिसेल त्या दारात पाऊल टाकणार नाही. बायकोला काय वाटलं, हे मात्र कुणी लिहिलेलं नाही! चॉयोंगचं मुखवटा-नृत्य कोरियात आजही होतं. 2009 मध्ये युनेस्कोनं त्याला वारशाच्या यादीत घेतलं.

पण या चैनीवर एक ठपकाही आहे. पोसोकजोंग इथं दगडात कोरलेली नागमोडी पन्हळ आहे. तिच्यातून वाहत्या पाण्यावर पेले सोडायचे आणि आपल्यापुढे येईल तो उचलायचा. 927 मध्ये राजा ग्योंगए इथं मेजवानीत दंग असताना शत्रू चालून आला आणि राजा प्राणाला मुकला, असं इतिहासात लिहिलंय. पण महिना चांद्रवर्षाचा अकरावा. कडाक्याच्या थंडीत उघड्यावर, पाण्याकाठी मेजवानी कोण घालेल? राजा तिथं राज्यरक्षणासाठी पूजा करायला गेला असावा, असं काही अभ्यासक मानतात, आणि मला तेच पटतं. पुढे 935 मध्ये सिल्लाच्या शेवटच्या राजानं राज्य गोर्यो या नव्या कोरियन राज्याचा राजा वांग गॉन याच्या हवाली केलं. वांग गॉननं त्याला जावई करून घेतलं. आणि सिल्लाचा अधिकृत इतिहास 1145 मध्ये लिहून झाला, तो याच सासरच्या दरबारात.