"समजलं का?"

वर्गात हा प्रश्न पडला की उत्तर ठरलेलं. सगळी पोरं एका सुरात, "हो बाई!" पालकसभेत आवाज येत नाही, नुसत्या माना हलतात.

आजची सभा जंताच्या गोळीची. राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून पाळतात; १ ते १९ वर्षांच्या मुलामुलींना शाळेत, अंगणवाडीत अल्बेंडाझोल देतात. बाईंच्या हातात सूचनापत्र आहे : 'सदर दिवशी पाल्यास जंतनाशक गोळीचे सेवन करविण्यात येईल, तरी सहकार्य करावे.' मराठीच आहे म्हणे!

बाई कागदाची घडी घालतात.

"गोळी शाळेतच देणार. चावून खायची. पोर आजारी असेल तर आधी सांगा; त्याला नंतर देऊ."

एवढंच. आणि मग, "घरी सासूबाईंनी विचारलं, कसली गोळी, तर काय सांगाल? मला नीट सांगता आलं का, ते बघायचंय."

ही दवाखान्यातली रीत. औषध समजावलं की चांगली नर्स ते पेशंटकडून त्याच्याच शब्दांत वदवून घेते. इंग्रजीत टीच-बॅक म्हणतात. ऐकणाऱ्याचं चुकलं, तर सांगणाऱ्याचं चुकलं असं धरायचं आणि पुन्हा सांगायचं, पण वेगळ्या शब्दांत.

मागून एक आई उठते. "पाठवा की घरी. रात्री दुधातून देते."

मान हलवून ती गेली असती, तर हे कळलंच नसतं.

बाई फळ्यावर शाळा काढतात, आत एक गोल ठिपका. "ही गोळी या दारातून बाहेर येत नाही."

"म्हंजे दूध नको. तिथंच चावायची." ती थांबते. "आन् पोटात दुखलं तर?"

सूचनापत्रात हे नव्हतं. जंत जास्त असले तर काहींना मळमळतं, पोटात दुखतं. बहुधा थोड्या वेळात थांबतं. आधी सांगितलेलं बरं. नाहीतर एका पोराला उलटी झाली, की संध्याकाळपर्यंत गावभर होतं, गोळीनं पोरं आजारी पडली!

सभा लांबली. चुलीवर भात ठेवून आलेल्या दोघी मधेच उठून गेल्या, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी गणिताचा तास. अपूर्णांक.

"काल न आलेल्या तुझ्या दोस्ताला सांग. अर्धा मोठा, की एक तृतीयांश?"

"एक तृतीयांश. दोनापेक्षा तीन मोठे."

बाई क्षणभर फळ्याकडे बघतात. मग खडू ठेवतात, स्वतःचा डबा उघडतात आणि भाकरी बाहेर काढतात.